हवामानाचा अंदाज हातात आल्यावर कामाचं काय ठरवायचं? बेळगाव सीमाभागासाठी मार्गदर्शक

दूध संस्था, सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनी, वीटभट्टी, ऊसतोडीचं गट ऑफिस किंवा बांधकामाची साइट यांतल्या कुठल्याही ठिकाणी नियोजनाची जबाबदारी नव्यानं अंगावर आलेल्यांसाठी हा लेख आहे. हवामानशास्त्र शिकायची गरज नाही. अंदाज आला तर काय करायचं, हे अंदाज यायच्या आधी लिहून ठेवायचं, ही सवय मात्र लागायला हवी. पाऊस डोक्यावर आल्यावर घेतलेला निर्णय बहुतेक वेळा जो मोठ्यानं बोलतो त्याचा असतो.

आधी आपला जिल्हा ओळखा

बेळगाव जिल्ह्यात एक पाऊस नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला कणकुंबी-आमगावकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, बेळगाव शहरात साधारण बाराशे-तेराशे, आणि अथणीकडे जेमतेम साडेपाचशे-सहाशे. त्यामुळे ‘जिल्ह्यात सरासरीच्या ९५ टक्के पाऊस’ ही बातमी कामाच्या दृष्टीनं जवळपास निरुपयोगी. जांबोटीत भात वाहून गेलेलं असतं आणि तेलसंगच्या बाजूला विहिरीला पाणी आलेलं नसतं, तरी सरासरी ९५ टक्केच दिसते.

दुसरी गोष्ट सीमाभागाची म्हणून खास. हवामान खात्याच्या नकाशात बेळगाव जिल्हा ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात येतो. शेजारचं कोल्हापूर ‘मध्य महाराष्ट्रा’त, आणि चोर्ला घाट उतरला की ‘कोकण-गोवा’. आपल्याकडे मराठी वाहिन्या आणि मराठी पेपर, त्यामुळे कानावर पडतो तो अंदाज बहुधा महाराष्ट्राचा. बेळगावचा जिल्हानिहाय इशारा बेंगळूरच्या हवामान केंद्राकडून निघतो. तोच पाहायचा. पण कोल्हापूरचा इशारा सोडून द्यायचा असंही नाही. निपाणी, चिकोडी, कागवाडच्या माणसानं डोक्यावरच्या पावसासाठी बेळगावचा इशारा वाचावा आणि नदीसाठी कोल्हापूर-सांगलीचा. आपल्या नद्यांचं पाणी तिकडून येतं, हे पुढे सविस्तर येईल. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यातल्यांनी गोव्याच्या इशाऱ्यावरही नजर ठेवावी. घाटमाथ्याचा पाऊस पठारापेक्षा कोकणाशी जास्त नातं सांगतो.

पायरी १: निर्णयांची वही

एक वही घ्या. मोबाइलमधली नव्हे, टेबलावर राहणारी आणि दुसऱ्यालाही वाचता येणारी. वर्षभरात हवामानामुळे अडणारी किंवा बिघडणारी कामं लिहा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी भरा: निर्णय कोण घेतो, किती आधी घ्यावा लागतो, कधीपर्यंत मागे फिरता येतं, आणि चुकला तर किती रुपये जातात.

‘किती आधी’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. स्लॅबचं काम असेल तर मिक्सर, माणसं आणि खडी-वाळू आदल्या दिवशी दुपारपर्यंत पक्की करावी लागतात, म्हणजे तुम्हाला लागतो २४ तासांचा अंदाज. ऊसतोडीची टोळी दुसऱ्या गावात हलवायची तर तीन-चार दिवस. धूळवाफ पेरणीसाठी (पावसाआधी कोरड्या रानात केलेली पेरणी) भाताचं बी उचलायचं तर दोन-तीन आठवडे. चारा आणि टँकरचा करार दोन-तीन महिने आधी. ज्या अंतरावरचा निर्णय, त्या अंतराचा अंदाज. दोन महिन्यांच्या निर्णयाला उद्याचं मोबाइल अ‍ॅप कामाचं नाही, आणि आजच्या फवारणीला एप्रिलमधला मान्सूनचा अंदाज कामाचा नाही. नवखा माणूस सर्वांत जास्त चुकतो तो इथंच.

पायरी २: प्रत्येक कामाला एक आकडा

‘जास्त पाऊस आला तर थांबवू’ हे वहीत चालणार नाही. जास्त म्हणजे किती ते लिहा. हवामान खातं २४ तासांच्या पावसाचे गट असे करतं: २.५ ते १५.५ मिमी हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. पण तुमच्या कामाचा आकडा या गटांत बसेलच असं नाही. वाळत घातलेल्या सोयाबीनला, थापलेल्या कच्च्या विटेला किंवा निपाणीकडे कापून रानात सुकायला टाकलेल्या तंबाखूला ३ मिमी पुरतो. कागदावर तो ‘हलका पाऊस’ असतो. उलट उभ्या उसाला ६० मिमीनं काही होत नाही, पण फडात ट्रॅक्टर जात नाही.

हा दुसरा प्रकार नव्यांच्या ध्यानात येत नाही: नुकसान पावसानं नाही, पावसानंतर वाफसा (कामाजोगी ओल) नसल्यानं होतं. रायबाग-अथणीच्या काळ्या जमिनीत चांगला पाऊस झाला की वाफसा यायला बरेच दिवस लागतात. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत काम लवकर सुरू होतं. म्हणून जमिनीवरच्या कामांना ‘पाऊस थांबल्यापासून इतके दिवस’ हाही आकडा लावा. तो कुठल्या पुस्तकात शोधू नका. जुन्या मुकादमाला विचारा आणि दोन हंगाम स्वतः नोंदवून दुरुस्त करा.

फवारणीला दोन आकडे लागतात: पुढच्या चार ते सहा तासांत पाऊस नको, आणि वारा ताशी १५ किलोमीटरच्या आत हवा. वाऱ्याचा आकडा फारसं कोणी पाहत नाही आणि औषध शेजारच्या शिवारात जातं.

पायरी ३: किती शक्यता असली की हलायचं

अंदाज म्हणजे शक्यता. ३० टक्के शक्यतेला काम थांबवायचं की नाही, हे हवामान खातं सांगू शकत नाही. ते तुमच्या खिशावर ठरतं. हिशेब सोपा आहे. खबरदारीचा खर्च भागिले खबरदारी न घेतल्यास होणारं नुकसान. अंदाजातली शक्यता या भागाकारापेक्षा जास्त असेल तर खबरदारी घ्या.

समजा सोसायटीच्या आवारात ४० क्विंटल सोयाबीन वाळत आहे. ते गोळा करून ताडपत्रीखाली घ्यायला माणसांची मजुरी आणि वाया जाणारं दुपारचं ऊन धरून १,८०० रुपये जातात. भिजलं तर दाणा डागाळतो, ओलावा १२ टक्क्यांच्या वर जातो, पुन्हा वाळवावं लागतं आणि दर क्विंटलमागे समजा ५०० रुपयांनी पडतो. म्हणजे २०,००० रुपये. १,८०० भागिले २०,००० म्हणजे ९ टक्के. तेव्हा १० टक्के शक्यता असली तरी झाका. दहातल्या नऊ वेळा पाऊस येणार नाही, माणसं कुरकुर करतील, ‘उगाच गोळा केलं’ म्हणतील. तरी झाकणंच बरोबर.

आता स्लॅब. पुढे ढकलला तर माणसांचा खाडा, सेंटरिंगचं वाढीव भाडं मिळून समजा १८,०००. ओतला आणि पहिल्या काही तासांत जोराचा पाऊस आला तर वरचं सिमेंट धुऊन जाणं, दुरुस्ती, भांडण मिळून ४५,०००. भागाकार ४० टक्के. म्हणजे ३० टक्के शक्यतेला स्लॅब ओता, फक्त प्लास्टिक कागद साइटवर आणून ठेवा. एकच अंदाज, एकच दिवस, दोन उलटे निर्णय, आणि दोन्ही बरोबर.

या हिशेबातले रुपये तुमचे तुम्ही भरा. अचूक नसले तरी चालतात. ९ टक्के की १२ टक्के यानं फरक पडत नाही. ९ की ४० यानं पडतो. जिथं माणसाचा जीव अडकतो तिथं मात्र हा भागाकार करायचाच नाही. वीज कडाडते आहे आणि बंधाऱ्यावरून पाणी वाहतं आहे, या दोन वेळी काम बंद.

पायरी ४: मागची वर्षं काढा

अंदाज नसतानाही एक गोष्ट हातात असते: मागे काय झालं ते. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र होबळीनिहाय (होबळी म्हणजे तालुक्याखालचा महसुली गट) आणि ग्रामपंचायतनिहाय पावसाची नोंद ठेवतं. जुन्या वर्षांसाठी तालुका पर्जन्यमापकाची नोंद तहसील कार्यालयातून किंवा जिल्हा सांख्यिकी कार्यालयातून मिळवा. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस चौकोनी जाळ्याच्या रूपात फुकट मिळतो. फक्त एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटरचा आहे. अथणी-रायबागच्या सपाटीला तो चालतो. खानापूरला एकाच चौकोनात घाटमाथा आणि पठार दोन्ही येतात, तिथं जवळच्या पर्जन्यमापकाचीच नोंद घ्या.

आता ती वापरायची कशी? समजा १५ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर या ३० दिवसांत सोयाबीन मळणीचं नियोजन करायचं आहे. प्रत्येक वर्षी या काळात २.५ मिमी किंवा जास्त पावसाचे दिवस किती होते ते मोजा आणि चढत्या क्रमानं लावा. समजा दहा वर्षांचे आकडे आले: ४, ५, ६, ७, ७, ८, ९, ११, १२, १५. सरासरी ८.४. सरासरीवर गेलात तर कामाला २१-२२ दिवस मिळतील असं वाटेल. पण या दहातल्या चार वर्षांत पावसाचे दिवस त्याहून जास्त आहेत, म्हणजे दहातल्या चार वर्षांत तुमचं वेळापत्रक कोसळणार. त्याऐवजी क्रमातला आठवा आकडा धरा: ११. म्हणजे दहातल्या आठ वर्षांत किमान १९ दिवस मिळतात. मळणी यंत्र १९ दिवसांच्या हिशेबानं ठरवा, आणि वाफशाचे दिवस त्यातूनही वजा करा. दहा वर्षं इथं समजावण्यापुरती घेतली. प्रत्यक्षात वीस ते तीस वर्षं घ्या.

हंगामाच्या एकूण पावसावर विसंबू नका, याचं अलीकडचं उदाहरण २०१९ चं. देशात त्या वर्षी जून ३३ टक्के तुटीचा गेला, ‘दुष्काळ’ म्हणून चर्चा सुरू झाली, आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही खोऱ्यांत महापूर आला. हंगामाचा शेवट सरासरीच्या ११० टक्क्यांवर झाला. चाऱ्याची टंचाई आणि पूर, दोन्हींची तयारी एकाच हंगामात लागली.

पायरी ५: कुठला अंदाज कधी उघडायचा

हंगामी अंदाज एप्रिलच्या मध्यात येतो आणि मेअखेर सुधारून येतो. ‘देशात सरासरीच्या इतके टक्के’ ही ठळक बातमी बाजूला ठेवा आणि सोबतचा शक्यतांचा नकाशा पाहा. त्यात प्रत्येक भागाला कमी, सरासरीइतका आणि जास्त अशा तीन गटांची शक्यता दिलेली असते. काहीच माहिती नसती तर प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के असती. म्हणून ‘कमी पावसाची शक्यता ४५ टक्के’ याचा अर्थ दुष्काळ ठरला असा नाही; कमी न पडण्याची शक्यता अजूनही ५५ टक्के आहे. अशा वेळी सगळा चारा आत्ताच विकत घेऊ नये आणि हातावर हात ठेवूनही बसू नये. गरजेच्या तिसऱ्या भागाची खरेदी करा आणि उरलेल्यासाठी जुलै-अखेरची तारीख वहीत टाका. एल निनोच्या (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या) बातम्यांनाही एवढंच वजन द्या. २०२३ मध्ये एल निनो होता आणि देशाचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पण प्रत्येक एल निनो तसाच वागत नाही.

दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यातून फक्त एवढंच घ्या: पुढचा पंधरवडा नेहमीपेक्षा ओला की कोरडा. तारीख शोधू नका. धूळवाफ केलेल्या भाताला उगवणीनंतर मोठा खंड पडणार का, ऊसतोडीच्या तोंडावर परतीचा पाऊस रेंगाळणार का, अशा प्रश्नांना तो पुरेसा आहे.

मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. ‘मेघदूत’ अ‍ॅपवर किंवा कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात मिळतो. त्यातला पाच दिवसांचा पाऊस, वारा आणि आर्द्रता यांचा तक्ता हे खरं सोनं आहे. खालचा पीकसल्ला पुष्कळदा ठरावीक साच्यातला असतो. बटाट्यावरच्या करप्यासाठी मात्र तोही वाचा. ढगाळ, दमट दिवस लागोपाठ दिसले की फवारणी पुढे ढकलून चालत नाही.

रोजचा जिल्हानिहाय इशारा ‘मौसम’ अ‍ॅपवर असतो. आणि शेवटचा थर म्हणजे तीन तासांचा तात्काळ अंदाज, रडार आणि विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप. मार्च ते मे या काळात वीटभट्टीवाल्यांना आणि अथणीकडच्या बेदाणा शेडवाल्यांना खरा उपयोग या शेवटच्या थराचाच. वळीव कुठल्या गावावर पडणार हे आदल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. आदल्या दिवशीच्या ‘तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस’ या ओळीवरून फक्त ताडपत्र्या आणि दोर भट्टीवर आहेत का ते बघा. दुपारी दोनपासून पणजीच्या रडारचं चित्र दर अर्ध्या तासानं उघडा. एका चित्रावरून काही कळत नाही. लागोपाठ तीन चित्रं पाहिली की ढग कुठल्या दिशेनं आणि साधारण किती वेगानं सरकतो ते दिसतं. लाल-जांभळा ठिपका तुमच्याकडे सरकत असेल तर माणसं थापणीवरून उठवून झाकणीला लावा. जितक्या कच्च्या विटा एका वेळी झाकता येतील तितक्याच उघड्यावर ठेवायच्या, हा नियम १५ मार्चनंतर मोडू नये. ताडपत्री पन्नास हजार विटांची आणि थापलेल्या दीड लाख, अशी अवस्था असेल तर कुठलाही अंदाज वाचवत नाही.

मोबाइलमधल्या परदेशी अ‍ॅपवर ‘७० टक्के’ दिसलं की बरेच जण ‘खूप पाऊस’ असं वाचतात. तो पाऊस पडण्याच्या शक्यतेचा आकडा आहे, पावसाच्या जोराचा नाही. ७० टक्के शक्यता दोन मिलिमीटरचीही असू शकते.

पायरी ६: इशाऱ्याची भाषा नीट वाचा

हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही. शक्यता आणि होऊ शकणारा परिणाम धरून ठरतो. म्हणून रंगाखालची ओळ वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नका. त्या ओळीत ‘किती ठिकाणी’ हा शब्द शोधा. तुरळक ठिकाणी म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे ५० पर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे ७५ पर्यंत, बहुतेक ठिकाणी म्हणजे त्याहून जास्त. जुलैत बेळगाव जिल्ह्याला केशरी इशारा आणि ‘तुरळक ठिकाणी अति जोरदार’ असं असेल, तर तो बहुतेक वेळा खानापूरच्या घाटमाथ्यासाठी असतो. अथणीची साइट त्यावरून बंद करण्यात अर्थ नाही; चोर्ला किंवा अनमोडमार्गे गोव्याला जाणारा माल मात्र एक दिवस आधी काढा.

मराठी पेपरातली ‘अतिवृष्टी’ ही महाराष्ट्राच्या महसुली हिशेबातली असते, २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त. भरपाईच्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा. कर्नाटकात पंचनाम्याचे निकष वेगळे.

जिल्हा प्रशासनाची सूचना कन्नडमध्ये येते. कार्यालयात कन्नड वाचणारा रोज असेलच असं नाही, म्हणून भिंतीवर शब्द लावून ठेवा: मळे म्हणजे पाऊस, गाळी म्हणजे वारा, सिडिलु म्हणजे वीज, नेरे किंवा प्रवाह म्हणजे पूर, मंजु म्हणजे धुकं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या इशाऱ्यावर तारीख आणि वेळ नसेल तर तो पुढे पाठवायचा नाही. गेल्या वर्षीचा लाल इशारा दर जुलैत फिरतो.

पायरी ७: नदीचा हिशेब वेगळा

चिकोडी, निपाणी, कागवाड, रायबागकडच्यांचा पूर स्वच्छ उन्हात येतो. त्यामुळे नदीकाठच्या कामाला स्थानिक पावसाचा आकडा लावूच नका. कुठल्या नदीला कुठलं धरण ते आधी लिहा. दूधगंगेला काळम्मावाडी, वेदगंगेला पाटगाव. कल्लोळ-येडूरच्या बाजूला कृष्णा, म्हणजे कोयना, वारणा आणि नृसिंहवाडीला मिळणारी पंचगंगा. हिरण्यकेशीला आंबोली-आजऱ्याचा पाऊस, तिच्या काठी संकेश्वर. घटप्रभेला चंदगडचा पाऊस आणि हिडकलचा विसर्ग. गोकाकला त्यात हिरण्यकेशी आणि मार्कंडेय यांची भर पडते, म्हणून लोळसूर पुलाचा अंदाज नुसत्या हिडकलवरून बांधता येत नाही. मलप्रभेला कणकुंबीचा पाऊस.

रोज सकाळी चार आकडे वहीत घ्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी (इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट), सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी (इशारा ४०, धोका ४५), राजापूर बंधाऱ्यावरून कर्नाटकात येणारा विसर्ग, आणि तुमच्या नदीवरच्या धरणाचा विसर्ग. क्युसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी) आणि टीएमसी (एक अब्ज घनफूट पाणी) यांचा गोंधळ होत असेल तर एकच आकडा पाठ करा: ११,५७४ क्युसेक विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी. राजापूरहून दीड लाख क्युसेक येत असेल तर दिवसाला सुमारे १३ टीएमसी. अलमट्टी धरणात अडलेल्या पाण्याच्या फुगवट्यावरून दरवर्षी जो वाद पेटतो तो इथं सोडून देऊ. उद्याची दुधाची गाडी त्या वादावर अडलेली नाही.

आता दुधाचा रूट. कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, भोजवाडी-कुन्नूर, कल्लोळ-येडूर हे बंधारे (यांवरूनच रस्ता जातो) दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. कमी उंचीचे असल्यानं पूर येण्याच्या बरंच आधी जातात, आणि मग पलीकडच्या गावाला लांबचा वळसा पडतो. तेव्हा संस्थेचा खरा आकडा ‘धोका पातळी’ नसून ‘आपला बंधारा बुडतो ती पातळी’ आहे. तो असा काढा: बंधारा ज्या दिवशी पाण्याखाली गेला त्याच्या आदल्या दोन दिवसांतली वरची पातळी आणि विसर्ग लिहून ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांत ‘वर इतकं झालं की आपल्याकडे इतक्या तासांनी बंद’ असा तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो. तोवर २०१९ आणि २०२१ च्या पेपरांतल्या बातम्या आणि गावातल्या ज्येष्ठांची आठवण यांवर काम भागवा. घाटाच्या कितव्या पायरीला पाणी आलं की बंधारा जातो, हे बहुतेक गावांत कोणाला ना कोणाला ठाऊक असतं.

तक्त्यावरून तीन टप्पे करा. पहिल्या टप्प्याला पलीकडच्या बल्क कूलरचं (दूध थंड ठेवायच्या टाकीचं) जनरेटर सुरू करून बघायचं, डिझेल भरायचं, चार-पाच दिवसांचं पशुखाद्य पोचवायचं, रिकामे कॅन पाठवायचे. दुसऱ्याला सकाळची गाडी वळशाच्या रस्त्यानं, वेळ तासाभरानं अलीकडे, आणि गवळ्यांना आदल्या संध्याकाळी निरोप. तिसऱ्याला गाडी जात नाही. संकलन त्याच काठावर थांबतं. पहिला टप्पा अनेकदा फुकट जाईल. जाऊ दे, डिझेल नंतरही वापरता येतं. महामार्गाचंही ध्यानात ठेवा: निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी आल्यानं पुणे-बेंगळूर वाहतूक २०१९ आणि २०२१ मध्ये बंद पडली होती. पुण्याकडून येणारा माल, सुटे भाग किंवा औषधं यांवर काम अवलंबून असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याचा साठा हवा.

बेळगाव शहराच्या लगत शहापूर-वडगाव शिवारातल्या भातवाल्यांना नदी नाही, बळ्ळारी नाला आहे. तिथं मोठ्या धरणाचे आकडे कामाचे नाहीत, शहरात एका दिवसात किती पडला तेवढंच. नाला तुंबलेला असेल तर कमी पावसातही पाणी पिकात राहतं.

पायरी ८: स्वतःचा पर्जन्यमापक

साधा पर्जन्यमापक घ्या. झाड किंवा भिंत जितकी उंच, किमान त्याच्या दुप्पट अंतरावर, मोकळ्या जागी बसवा. तोंड समपातळीत हवं आणि जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर. गच्चीवर ठेवू नका, वाऱ्यानं पाऊस कमी भरतो. रोज सकाळी साडेआठला वाचा आणि वाचल्याच्या तारखेसमोर लिहा. हवामान खात्याचा दिवसही सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच असतो. म्हणून १२ तारखेच्या नोंदीतला बराचसा पाऊस ११ तारखेला पडलेला असतो. हे न कळल्यामुळे ‘अंदाज एक दिवस चुकला’ अशा तक्रारी होतात, आणि अंदाज बरोबर असतो.

एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. १० बाय २० मीटरच्या आवारावर ५० मिमी पडला तर १०,००० लिटर पाणी. गटार तेवढं नेतं का, हे मे महिन्यात बघायचं.

पायरी ९: निरोप आणि पडताळा

रानातल्या माणसाला ‘१५ ते २१ जून’ सांगण्यापेक्षा मृगाचे शेवटचे दिवस म्हणा, ‘६ ते १९ जुलै’ म्हणण्यापेक्षा तरणा पाऊस (पुनर्वसू नक्षत्र) म्हणा. नक्षत्रावरून पाऊस किती पडेल हे ठरवू नका. तारखेची खूण म्हणून ती उत्तम चालतात. निरोपात तीन गोष्टी हव्यात: काय करायचं, कधीपर्यंत, आणि पुढचा निरोप किती वाजता. ‘पावसाची शक्यता आहे, काळजी घ्या’ या निरोपावर कोणी काही करत नाही. ‘चारपर्यंत सगळं सोयाबीन ताडपत्रीखाली, सहाला पुन्हा फोन’ यावर करतात.

पडताळ्यासाठी वहीत चार खाने करा: इशारा होता आणि आपला आकडा ओलांडला; इशारा होता पण ओलांडला नाही; इशारा नव्हता पण ओलांडला; दोन्ही नाही. हंगामाअखेर मोजा. दुसरा खाना फुगला तर मंडळी अंदाजाला शिव्या देतात, पण तुमचा भागाकार ९ टक्क्यांचा असेल तर तो खाना फुगणारच. तिसरा खाना फुगला तर मात्र गंभीरपणे घ्या: बहुधा तुम्ही चुकीच्या उपविभागाचा अंदाज वाचत आहात, किंवा अंदाज सकाळी एकदाच बघता आणि दुपारचा सुधारित इशारा सुटतो. मृगापासून हस्तापर्यंत दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी दोनच्या सुमारास बघायचं.

आणि वहीच्या पहिल्या पानावर दोन नावं हवीत. निर्णय घेणारा फोनवर सापडला नाही तर दुसऱ्यानं विचारपूस न करता वहीत लिहिल्याप्रमाणे हुकूम द्यायचा, आणि चूक ठरला तरी त्याचा पगार कापायचा नाही, हे मालकाकडून किंवा संचालक मंडळाकडून मे महिन्यातच सहीनिशी लिहून घ्या.